चेटकिणींच्या शहरात इतिहास कसा शिकवायचा?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठी सेलम नावाचं शहर आहे. (तमिळनाडूतलं सेलम वेगळं.) वस्ती साधारण ४४ हजारांची. तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण असते. हायस्कूलच्या संघाचं नाव ‘विचेस’, म्हणजे चेटकिणी. भर बाजारात एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या चेटकिणीचा ब्राँझचा पुतळा आहे, २००५ साली बसवलेला. ऑक्टोबरात हॅलोवीनच्या निमित्ताने महिनाभरात दहा लाखांहून जास्त लोक येतात, काळ्या टोकदार टोप्या घालून रस्त्यांवर फिरतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून वैतागतात.

ही सगळी जत्रा ज्या घटनेवर उभी आहे ती अशी: १६९२ साली इथे चेटुकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आलं. १४ बायका, ५ पुरुष. गाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने न्यायालयापुढे खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, तर त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारलं. निदान पाच जण तुरुंगात मेले. यातलं कोणीही चेटूक करत नव्हतं.

आता अशा शहराचा वारसा शाळेतल्या मुलांना शिकवायचा म्हणजे नेमकं काय शिकवायचं? मुलं तर टोप्या आणि झाडू डोक्यात घेऊनच आलेली असतात. माझं मत असं, की सेलममध्ये शिक्षकाचं पहिलं काम माहिती देण्याचं नाही. मुलांच्या हातात त्या काळचा कागद देण्याचं आणि त्यांना योग्य जागी उभं करण्याचं आहे. ते का, हे कळायला आधी प्रकरण थोडक्यात पाहू.

१६९२च्या जानेवारीत सेलम व्हिलेज नावाच्या वस्तीत पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातल्या दोन मुली विचित्र वागायला लागल्या. एक त्याची ९ वर्षांची मुलगी बेटी, दुसरी ११ वर्षांची भाची ॲबिगेल. किंचाळायच्या, अंग वाकडंतिकडं करायच्या, कोणी टोचतंय म्हणून रडायच्या. औषधाने काही होईना, तेव्हा कोणीतरी चेटूक केलंय असा निष्कर्ष निघाला. ‘कोणी केलं?’ या प्रश्नाला पहिली तीन नावं आली ती गावात ज्यांची बाजू घेणारं कोणी नव्हतं अशा बायकांची. एक पॅरिसच्याच घरातली गुलाम टिटुबा, दुसरी दारोदार मागून पोट भरणारी सारा गुड आणि तिसरी आजारी, मिळकतीच्या भांडणात अडकलेली सारा ऑसबर्न. पुढच्या काही महिन्यांत दीडशेहून अधिक लोक तुरुंगात गेले. सारा गुडची मुलगी डोरोथी चार-पाच वर्षांची होती. तिलाही बेड्या घालून महिनोन्महिने कोठडीत ठेवलं होतं.

असं का झालं याचं एका ओळीतलं उत्तर नाही. उत्तरेकडे फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळ निवासी टोळ्यांशी लढाई चालू होती, तिथून उद्ध्वस्त होऊन आलेली कुटुंबं आसपास राहत होती. वसाहतीची जुनी सनद इंग्लंडच्या राजाने १६८४ साली रद्द केली होती, त्यामुळे कायदेशीर कारभार लटकलेला. गावात पाद्र्याच्या पगारावरून आणि जमिनीवरून दोन तट. हे सगळं असताना सैतान खरोखर अस्तित्वात आहे यावर झाडून सगळ्यांचा विश्वास. इंटरनेटवर एक सोपी थिअरी फार फिरते, की राय धान्यावरच्या बुरशीमुळे लोकांना भास झाले. ती १९७६ साली मांडली गेली आणि बहुतेक इतिहासकारांनी ती केव्हाच बाजूला ठेवली. मुलांना ती भयंकर आवडते, कारण तिच्यात कोणाचाच दोष राहत नाही.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे न्यायालयाचा पुरावा. साक्षीदार म्हणायची, ‘रात्री या बाईचं रूप माझ्या खोलीत आलं आणि त्याने माझा गळा दाबला.’ ते रूप दिसायचं फक्त साक्षीदाराला. आरोपी बाई त्या वेळी तीन मैलांवर स्वतःच्या घरी झोपली होती असं दहा जणांनी सांगितलं तरी उपयोग नाही. कारण शरीर घरी होतं, पण रूप हिंडत होतं! आणि न्यायाधीश असं धरून चालले की माणसाच्या संमतीशिवाय सैतान त्याचं रूप घेऊ शकत नाही. म्हणजे रूप दिसलं की गुन्हा जवळपास सिद्ध. हा पुरावा धोक्याचा आहे असं काही पाद्र्यांनी तेव्हाच लिहून कळवलं होतं. तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत फाशी चालूच राहिली. ऑक्टोबरात गव्हर्नर विल्यम फिप्सने या खटल्यांसाठी नेमलेलं खास न्यायालय मोडीत काढलं. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने रूपाचा पुरावा मानायचं थांबवलं आणि जवळजवळ सगळे सुटले.

आणखी एक गोष्ट मुलांना चक्रावून टाकते. ज्यांनी ‘हो, मी चेटकीण आहे’ असं कबूल केलं आणि त्यावर टिकून राहिले, त्यांच्यापैकी कोणालाही फाशी झाली नाही. फासावर गेले ते नाही म्हणणारे.

वर्गात मी सुरुवात करायला सांगेन ती ब्रिजेट बिशपच्या जबानीपासून. १९ एप्रिल १६९२ची ही चौकशी लिहून ठेवलेली आहे आणि खटल्यांची बहुतेक कागदपत्रं आज व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न प्रश्न विचारतोय. ब्रिजेट म्हणते, मी निर्दोष आहे, चेटकीण म्हणजे काय हेच मला माहीत नाही. त्यावर हॅथॉर्न: मग तू चेटकीण नाहीस हे तुला कसं माहीत? ब्रिजेट म्हणते, तुम्ही काय म्हणताय ते मला कळत नाही. तो पुन्हा: चेटकीण म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि तरी आपण चेटकीण नाही हे ठाऊक आहे, हे कसं?

दोन मुलांना हे मोठ्याने वाचायला लावा आणि बाकीच्यांना विचारा, ब्रिजेटने काय उत्तर द्यायला हवं होतं? माहीत आहे म्हणावं तर अडकली. माहीत नाही म्हणाली, तरी अडकलीच. सुटकेचं उत्तर त्या प्रश्नात ठेवलेलंच नाही, हे मुलं आपणहून शोधून काढतात. आणि एकदा शोधलं की ‘तेव्हाचे लोक अडाणी होते’ हे वाक्य पुन्हा तितक्या सहज तोंडून निघत नाही. हॅथॉर्न अडाणी नव्हता. सेलममधला प्रतिष्ठित व्यापारी होता. ब्रिजेटला १० जूनला फाशी झाली, सगळ्यांत पहिली.

रिबेका नर्सचा कागद मोठ्या मुलांसाठी. वय ७१, कानाने अधू, गावात मान असलेली बाई. तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर ३९ शेजाऱ्यांनी सही केली, आणि त्या दिवसांत अशी सही म्हणजे स्वतःच्या मानेला दोर लावून घेणं होतं. ज्यूरीने आधी तिला निर्दोष ठरवलंसुद्धा. त्यावर आरोप करणाऱ्या मुलींनी आरडाओरडा केला, मुख्य न्यायाधीशाने ज्यूरीला पुन्हा विचार करायला सुचवलं, तिला एक प्रश्न विचारला गेला आणि तिला तो बहुधा ऐकूच आला नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ गुन्हा असा घेतला गेला. १९ जुलैला ती फासावर गेली.

कागद वाचले की मुलांचे गैरसमज एकेक करून गळतात. पहिला म्हणजे ‘चेटकिणींना जाळलं’. सेलममध्ये एकालाही जाळलं नाही. इंग्लिश कायद्यात चेटकाला शिक्षा फाशीची होती. दुसरा टिटुबाबद्दलचा. गोष्टींमधून, चित्रांमधून ती आफ्रिकन दाखवतात, पण १६९२च्या कागदांत तिचा उल्लेख ‘इंडियन’ म्हणून येतो, म्हणजे अमेरिका खंडातली मूळ निवासी. तिने कबुली दिली, म्हणून जीव वाचला. पण तुरुंगात जेवणाचे आणि बेड्यांचेसुद्धा पैसे कैद्यालाच भरावे लागत. पॅरिसने ते भरले नाहीत, तेव्हा वर्षाहून जास्त काळ ती आतच राहिली आणि शेवटी ज्याने थकबाकी भरली त्याला विकली गेली. गुलामगिरी फक्त अमेरिकेच्या दक्षिणेत होती असं मानणाऱ्या मुलांना ही एक नोंद पुरते.

आता जागा. सेलममधलं ‘विच हाउस’ पाहायला रांगा लागतात. त्या घरात चेटकीण कधीच राहिली नाही. ते न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं घर. खटल्यांशी थेट संबंध असलेली सेलममधली एवढी एकच इमारत उभी आहे. फाशी नेमकी कुठे दिली हे तर तीनशे वर्षं नीटसं ठाऊकच नव्हतं. ‘प्रॉक्टर्स लेज’ हा खडकाळ उतार तीच जागा असल्याचं अभ्यासकांनी २०१६ साली जाहीर केलं: औषधांच्या एका दुकानाच्या मागे, राहत्या घरांच्या मधोमध. तिथे २०१७च्या १९ जुलैला, म्हणजे रिबेका नर्ससह पाच जणींच्या फाशीला ३२५ वर्षं झाली त्या दिवशी, साधं स्मारक उघडलं. त्याआधीचं, १९९२ सालचं स्मारक जुन्या दफनभूमीला लागून आहे. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी बाकांवर एकेक नाव, फाशीची तारीख. उंबऱ्याच्या दगडात आरोपींची खरी वाक्यं कोरली आहेत आणि ती मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. कोणीतरी बोलत असताना त्याला थांबवलं, हे शिक्षकाला सांगावं लागत नाही.

या पद्धतीचं सगळ्यात ठळक उदाहरण सेलममधलं नाही, जवळच्या नॉर्थ अँडोव्हर गावातल्या एका शाळेतलं आहे. मॅसॅच्युसेट्सने २०१८ साली कायदा केला की आठवीतल्या मुलांनी नागरिकशास्त्राचा एक प्रकल्प स्वतः चालवायचा. तिथल्या एका शिक्षिकेने वर्गापुढे एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियरचं नाव ठेवलं. ही याच परिसरातली मुलगी, खटल्याच्या वेळी वय २२. तिने घाबरून कबुली दिली होती. तिच्या आजोबांनी, जे स्वतः पाद्री होते, ती जरा भोळसट आहे असं लिहून दिलं होतं. जानेवारी १६९३ मध्ये तिला मृत्युदंड झाला, गव्हर्नरने तो अंमलात येऊ दिला नाही. ती जगली, पण कागदोपत्री दोषीच राहिली.

का राहिली? इथे कायद्याचं काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. १७११ साली वसाहतीने निकाल फिरवले आणि ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई दिली, पण ती ज्यांच्यासाठी घरच्यांनी अर्ज केले त्यांनाच. एलिझाबेथने स्वतः नंतर अर्ज केला, तो कोणी मनावर घेतला नाही. १९५७ साली राज्याने माफीचा ठराव केला. त्यात एकीचं नाव घातलं आणि पुढे ‘आणि इतर काही व्यक्ती’ असं मोघम लिहिलं. २००१ साली त्याच ठरावात आणखी पाच बायकांची नावं जोडली. एलिझाबेथला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी भांडणारे वंशज नव्हते. तिच्या आईचं नावही तेच होतं आणि आई निर्दोष ठरलेली होती, याने गोंधळात भरच पडली असावी.

आठवीच्या मुलांनी जुने कागद धुंडाळले, आमदारांना पत्रं लिहिली. सिनेटर डायना डिझोग्लिओ यांनी २०२१ साली विधेयक मांडलं. ते रखडतंय म्हटल्यावर तो मजकूर राज्याच्या अर्थसंकल्पातच घालण्यात आला आणि २८ जुलै २०२२ला गव्हर्नरची सही झाली. प्रत्यक्षात काय केलं? १९५७च्या त्या ठरावात एक नाव वाढवलं, इतकंच. ३२९ वर्षांनी. तोपर्यंत सुरुवातीची मुलं हायस्कुलात गेली होती. वारशाचा धडा म्हणून मला ही गोष्ट झगमगाटी संग्रहालयांपेक्षा मोलाची वाटते, आणि त्यातला कंटाळवाणा भाग, म्हणजे पत्रं, वाट पाहणं, विधेयक अडकणं, तो गाळून सांगू नये.

एवढं सांगून झाल्यावर खरी अडचण उरते. सेलम म्हणजे १६९२चे ते काही महिने नव्हेत. शंभर वर्षांनी, १७९०च्या पहिल्या जनगणनेत, ७,९२१ वस्तीचं सेलम अमेरिकेतलं सहाव्या क्रमांकाचं शहर होतं आणि अतोनात श्रीमंत होतं. पैसा समुद्रातून आला. इलायस हॅस्केट डर्बीचं ‘ग्रँड टर्क’ जहाज १७८६ साली चीनच्या कँटन बंदराला पोचलं. सुमात्राहून थेट काळी मिरी आणून सेलमच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा जगभर विकली. जेकब क्राउनिनशील्ड नावाच्या इथल्या कप्तानाने १७९६ साली कलकत्त्याहून न्यूयॉर्कला हत्ती नेला. अमेरिकेने पाहिलेला तो पहिला हत्ती. लहान मुलांच्या वर्गात सुरुवात इथूनच करावी, फाशीपासून नको.

मुंबईही या गोष्टीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सेलमची जहाजं मुंबईत येत होती आणि अमेरिकी कप्तानांचा माल लावून देणारे मोठे दलाल होते नसरवानजी माणकजी वाडिया. १७९९ साली सेलममध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी निघाली. सभासद कोण होऊ शकतो? केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेले कप्तान आणि जहाजावरचे व्यापारी प्रतिनिधी. परदेशातून वस्तू आणून ते सोसायटीच्या संग्रहात ठेवत, आणि त्यात नसरवानजींचं तैलचित्रही गेलं. त्या संग्रहातून आजचं पीबडी एसेक्स म्युझियम उभं राहिलं. पुढे चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ यांनी जमवलेली आधुनिक भारतीय चित्रंही तिथे आली, त्यात पंढरपुरात जन्मलेले हुसेन आहेत.

मग हा वारसा मागे का पडला? राष्ट्राध्यक्ष जेफरसनने १८०७ साली परदेशी व्यापारावर बंदी घातली, पाठोपाठ इंग्लंडशी १८१२चं युद्ध. जहाजं मोठी होत गेली आणि सेलमचं बंदर उथळ. व्यापार बॉस्टन, न्यूयॉर्कला गेला. गंमत म्हणजे आज ज्याचे फोटो काढतात ते विटांचं देखणं कस्टम हाउस १८१९ साली बांधलं, ओहोटी लागल्यावर. नथॅनियल हॉथॉर्न हा लेखक १८४६ ते १८४९ तिथे नोकरीला होता, तेव्हा काम बेताचंच असायचं. ब्रिजेटला प्रश्न विचारणारा तो मॅजिस्ट्रेट हॅथॉर्न या लेखकाचा खापरपणजोबा. सेलमचे दोन्ही भूतकाळ एकाच माणसात भेटतात ते असे. १९३८ साली केंद्र सरकारने देशातलं पहिलं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून डर्बी व्हार्फ हा बंदराचा धक्का आणि आसपासच्या इमारती जाहीर केल्या. पण धक्क्यावरच्या बहुतेक वखारी गेल्या. अर्धा मैल लांब दगडी धक्का, टोकाला छोटंसं दीपगृह, वारा. मुलं विचारतात, इथे पाहायचं काय? शिक्षकाने तयारी केली नसेल तर खरंच काही नाही.

तयारी म्हणजे पुन्हा कागद आणि एक नेमका प्रश्न: जहाजात काय भरलं होतं आणि ते कोण खाणार होतं? सेलमचा पहिला पैसा सुकवलेल्या कॉड माशातून आला. उत्तम प्रतीचा मासा युरोपात जायचा, हलका मासा कॅरिबियन बेटांवर ऊसमळ्यांतल्या गुलामांना खायला. परतीला तिथली काकवी आणि साखर. धक्क्यावरची सुंदर घरं पाहताना हा हिशेब मुलांपुढे मांडला नाही तर आपणही त्या टोप्या विकणाऱ्यांपेक्षा फार वेगळं काही करत नाही.

आणि शाळेच्या मुलांना शाळेचीच गोष्ट सांगायला हवी. जॉन रेमंड हे सेलममधले नावाजलेले कृष्णवर्णीय केटरर. त्यांच्या मुलींना १८३५ साली इथल्या शाळेतून वर्णामुळे काढलं, तेव्हा अख्खं कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेलं. ते परत आले, कृष्णवर्णीय पालकांनी वेगळ्या शाळेवर बहिष्कार घातला आणि १८४४ साली सेलमने शाळांमधला वर्णभेद संपवला. बॉस्टनला त्यासाठी १८५५ उजाडावं लागलं. फिलाडेल्फियाची कृष्णवर्णीय शार्लट फोर्टन शिकायला सेलमला आली ती याच कारणाने. रेमंड कुटुंबात राहिली, १८५६ साली इथल्या अध्यापक विद्यालयातून उत्तीर्ण झाली आणि इथल्याच एप्स ग्रामर स्कूलमध्ये गोऱ्या मुलांना शिकवू लागली. ते अध्यापक विद्यालय म्हणजे आजचं सेलम स्टेट विद्यापीठ. तिच्या नावाची बाग डर्बी स्ट्रीटवर आहे; पर्यटक तिथे सँडविच खायला बसतात.

बॉस्टन परिसरात पाहुणे आले की मराठी घरंही सेलमची चक्कर करतात, बहुतेक वेळा ऑक्टोबरातच. मुलं बरोबर असतील तर मे-जून गाठा आणि सकाळी आधी डर्बी व्हार्फवर जा, चेटकिणींकडे नंतर वळा. दुपारी दगडी बाकांचं स्मारक, मग प्रॉक्टर्स लेज. तिथे लोकांची घरं आहेत, आवाज कमी ठेवा. वेळ उरला तर डॅनव्हर्सला गाडी न्या. १६९२चं सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स. प्रकरण सुरू झालं ते तिथे, पण अपकीर्ती आणि कमाई दोन्ही सेलमच्या वाट्याला आली. पॅरिसच्या घराचा पाया १९७० साली उत्खननात सापडला, तो एका गल्लीच्या मागे उघड्यावर आहे. रिबेका नर्सचं घरही त्याच गावात आहे. हिवाळ्यात ते बंद असतं, वेळा आधी पाहून निघा.